ड्राइव्ह शून्यावर

आतेभावाने ऑस्टिनहून आणलेल्या खोक्यात सगळ्यात वर पाच मोजे होते. अडीच जोड. प्रत्येक मोज्यात काचेचा एक व्हॉल्व्ह, म्हणजे आवाज मोठा करणारी नळी, आणि मोज्याच्या तोंडाला रबरबँड. खाली, त्याच्या दोन जुन्या जॅकेटांत गुंडाळलेला, चौदा किलोचा फेंडर ब्लूज ज्युनिअर अँप, म्हणजे गिटारचा अॅम्प्लिफायर. मुंबईला कस्टमवाल्याने हटकलं तेव्हा या बहाद्दराने "पुराना रेडिओ है" म्हणून वेळ मारून नेली होती. मी म्हटलं, खोटं कशाला बोललास? तर म्हणे, "उघडून बघ, आणि यात रेडिओपेक्षा वेगळं काय आहे ते मला सांग."

ही २०१५ ची गोष्ट. आवाजाचा नाद त्याआधी चार वर्षं लागलेला. फेब्रुवारी २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल पहिल्यांदा भरला, त्याला आम्ही तिघं पुण्याहून गेलो होतो. बडी गाय, अमेरिकन ब्लूज संगीतातला बुजुर्ग गिटारवादक, तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा. गिटार कानाने ऐकायची असते हा माझा समज त्या रात्री मोडला; ती बरगड्यांत ऐकू येत होती. परतीच्या बसमध्ये मित्राने इअरफोनचं एक टोक माझ्या कानात खुपसलं. "आता हे ऐक. बडी गायचाच भक्त."

तो स्टीव्ही रे वॉन. जन्म डॅलसचा, नाव कमावलं ऑस्टिनच्या क्लबांत. पहिला अल्बम 'टेक्सास फ्लड', १९८३ चा. गायक जॅक्सन ब्राउनने लॉस एंजेलिसमधला आपला स्टुडिओ फुकट वापरायला दिला म्हणून तीन दिवसांत उरकलेला. गिटार, बास, ड्रम्स, बस. ऑगस्ट १९९० मध्ये विस्कॉन्सिनच्या अल्पाइन व्हॅलीत बडी गाय, एरिक क्लॅप्टन यांच्याबरोबर एकाच मंचावर वाजवून तो निघाला आणि हेलिकॉप्टर कोसळून गेला. वय पस्तीस. हे सगळं मला नंतर कळलं. लोणावळ्याच्या आसपास बस थांबली होती तेव्हा मला एवढंच कळत होतं की या माणसाची तार आधी फोडणीसारखी चर्र होते आणि मग देवळातल्या घंटेसारखी लांबत जाते, आणि हे दोन्ही एकाच आघातात. हा आवाज आपल्याला काढता आला पाहिजे, एवढं डोक्यात बसलं ते बसलंच.

मी कोथरूडला भाड्याच्या खोलीत राहायचो. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारची, म्हणजे स्ट्रॅटची, एक सेकंडहँड नक्कल होती आणि गिटारचा आवाज बदलणारा एक मल्टिइफेक्ट प्रोसेसर, ज्यात टेक्सासच्या नावाचा एक तयार टोन भरलेला होता. तो लावला. आवाज आला तो डब्यात कोंडलेल्या भुंग्याचा. मग मी तेच केलं जे सगळे करतात: गेन, म्हणजे आवाज फाडणारं बटण, वाढवला. भुंगा मोठा झाला. आणखी वाढवला. दोन भुंगे झाले.

मग तारांचं खूळ. वॉन फार जाड तारा लावायचा हे गिटारवाल्यांत सगळ्यांना पाठ असतं: सर्वात बारीक तार ०.०१३ इंच, सर्वात जाड ०.०५८. साध्या सेटमध्ये बारीक तार ०.००९ किंवा ०.०१० ची असते. हे आकडे लहान दिसतात, पण तेरा आणि नऊ यांत बोटांना फरक कळतो तो सायकलला बुलेटची चेन लावल्यासारखा. मी तेराचा सेट मागवला आणि रविवारी दुपारी चढवला. मात्र या बाबतीतली दुसरी गोष्ट मी सोयीस्करपणे विसरलो होतो: वॉन सगळी गिटार अर्ध्या स्वराने उतरवून लावायचा. हार्मोनियमच्या भाषेत पांढरी तीनऐवजी काळी दोन. मी पांढरी तीनलाच ताणत बसलो.

चौथी तार स्वरात येईतो स्ट्रॅटचा पूल, म्हणजे तारा जिथे अडकवतात तो ब्रिज, मागून उचलला गेला. हा पूल आत स्प्रिंगांनी धरलेला असतो; तारांचं ओझं वाढलं की तो पुढे झुकतो, आणि एक तार लावावी तर बाकीच्या पाच उतरतात. गिटार उशीवर पालथी घातली, मागची पट्टी काढली. तीन स्प्रिंगा होत्या, जागा पाचांची. उरलेल्या दोन कुठून आणायच्या? आणल्या, दोन दिवसांनी. बसवताना एक सुटली आणि कपाटावर जाऊन पडली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गिटार एकदाची लागली. दीड तास वाजवली. अनामिकेच्या टोकाची कातडी पापडासारखी सुटून आली.

वॉनची बोटं अशी फाटायची तेव्हा तो सुपरग्लूने ती चिकटवून पुढच्या कार्यक्रमाला उभा राहायचा, हेही मी वाचलेलं होतं. फेविक्विकची ट्यूब हातात घेतली होती. रूममेट चहा घेऊन आला, त्याने आधी माझ्याकडे, मग ट्यूबकडे पाहिलं आणि न बोलता ट्यूब काढून घेतली. आज माझ्या गिटारला अकराचा सेट आहे, काळी दोनला लावलेला. तारा सैल पडतात, ओढायला सोप्या जातात आणि आवाज भरदार येतो. तेरा ही त्याच्या पंजाची गरज होती, माझ्या नव्हे.

एक फायदा झाला. बोट दुखत असल्यामुळे पंधरा दिवस वाजवता येईना, म्हणून पेडल बनवायला घेतलं, म्हणजे गिटार आणि अँपच्या मध्ये जोडायचा, पायाने चालू-बंद करायचा डबा.

ट्यूब स्क्रीमर. नावात ट्यूब, म्हणजे व्हॉल्व्ह, आहे; आत एकही ट्यूब नाही. जपानच्या मॅक्सनमध्ये सुसुमु तामुरा यांनी ते आखलं आणि इबानेझच्या नावाने ते जगभर गेलं. हिरव्या रंगाचा डबा, वर तीन बटणं: ड्राइव्ह (आवाज किती फाडायचा), टोन, लेव्हल (किती मोठा बाहेर सोडायचा). वॉनने या जातीची पेडलं वर्षानुवर्षं वापरली. त्याचं टीएस-८०८ हे मूळ मॉडेल जुन्या बाजारात ज्या भावाने विकलं जातं तो ऐकून मी सुटे भाग घ्यायला इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या तपकीर गल्लीत गेलो. आतली मुख्य वस्तू म्हणजे ४५५८ ही आठ पायांची चिप. ती एकेकाळी स्टिरिओ, टेपरेकॉर्डर असल्या सगळ्या यंत्रांत असायची. दुकानदाराने डबीतून चिमटीने काढून काउंटरवर ठेवली. "एकच? दहा घ्या हो, एकाचं काय करणार?" मी दोन घेतल्या. पुण्यात राहून आणखी काय करणार?

झिरो पीसीबीवर, म्हणजे भोकाभोकांच्या कोऱ्या पट्टीवर, डाग देत दोन रात्री गेल्या. तिसऱ्या रात्री जोडलं. आवाज आला, पण सेल संपत आलेल्या ट्रान्झिस्टरसारखा, तुटक, फाटका. तार जोरात छेडली तरच. चार तास शोधत बसलो. या सर्किटला नऊ व्होल्टच्या बरोबर मध्यावर, साडेचारवर, एक टेकू लागतो. त्यासाठी दहा किलोओमचे दोन रेझिस्टर. मीटर लावला तर टेकू पाऊण व्होल्टच्या किंचित वर. दोनपैकी खालचा रेझिस्टर एक किलोओमचा होता. दहाच्या रेझिस्टरवर तिसरा पट्टा नारिंगी असतो, एकाच्या रेझिस्टरवर लाल, आणि रात्री ट्यूबलाइटच्या उजेडात हे दोन रंग सख्खे भाऊ असतात.

दुरुस्त केलं, आणि पेडल बोललं. नाकातून. सर्दी झालेल्या माणसासारखं.

आता इथे जरा थांबतो, कारण सगळं प्रकरण याच नाकात आहे. या पेडलमध्ये दोन डायोड चिपच्या फेऱ्यात बसवलेले असतात. आवाज ठराविक उंचीच्या वर गेला की ते त्याची टोकं दाबतात, पण कापत नाहीत. मूळ साफ आवाज त्यात मिसळलेला राहतो. म्हणून तार सुटी ऐकू येते. शिवाय ४.७ किलोओमचा एक रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर मिळून ७२० हर्ट्झच्या खालच्या स्वरांना कमी ढकलतात. म्हणजे खर्ज फारसा फाटत नाही, मधला भाग पुढे येतो. खोलीत एकटं वाजवताना हे नाकातलं वाटतं. बास गिटार आणि ड्रम्स सोबत असले की खर्जाची जागा त्यांची, झांजांची जागा वर, आणि मधली मोकळी खिडकी गिटारची. हे मला तेव्हा कळलं असतं तर दोन वर्षं वाचली असती. मी त्या वेळी काय केलं? ड्राइव्ह पूर्ण उजवीकडे.

शेवटी अँप. माझ्याकडचा छोटा ट्रान्झिस्टर अँप घरापुरता बरा होता, पण त्यात पेडलचा धक्का घेणारं काही नव्हतं. व्हॉल्व्हच्या अँपला जास्त आवाज दिला की तो हळूहळू वाकतो, आणि वाकताना गोड होतो. वॉनकडे फेंडरचे १९६४ चे व्हायब्रोव्हर्ब होते, पंधरा इंची एका स्पीकरचे. सुपर रिव्हर्ब होते, दहा इंची चार स्पीकरांचे, चाळीस वॉटचे. पहिल्या अल्बमवर जॅक्सन ब्राउनचा डंबल होता. हॉवर्ड डंबल हे अँप हाताने, अगदी मोजके बनवायचा. आज एकाच्या किमतीत पुण्याबाहेर फ्लॅट येतो. सुपर रिव्हर्ब आतेभावाला ऑस्टिनमध्ये बरा मिळत होता, पण एकोणतीस-तीस किलो वजन विमानाच्या तेवीस किलोत बसवणार कसं? म्हणून पंधरा वॉटचा ब्लूज ज्युनिअर.

तो १२० व्होल्टवर चालणारा. आपल्याकडे २३०. मी एक छोटा ट्रॅव्हल कन्व्हर्टर आणला, हातात मावेल एवढा. अँप पेटला, व्हॉल्व्ह तांबूस झाले, मी हात जोडले, आणि स्पीकरमधून असा खर्रर्र आवाज आला की गिरणी सुरू झाल्यासारखं वाटलं. असले कन्व्हर्टर विजेची लाट मधून कापून तिचं बळ कमी करतात. इस्त्रीला चालतं, अँपला नाही. खोक्यावर तसं लिहिलेलंही होतं, बारीक अक्षरांत. खोकं वाचायचं माझंच राहिलं होतं.

एका ओळखीच्याने बुधवार पेठेतल्या ट्रान्सफॉर्मर गुंडाळणाऱ्या काकांचा पत्ता दिला. माडीवर दहा बाय आठची खोली, तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा वास. काकांनी अँप पाहायला मागितला. मागची फळी काढली, आणि त्यांचा चेहराच बदलला.

"अरे, हा तर रेडिओच आहे की."

"काका, गिटारचा अँप आहे."

"असेना का. हे बघ, ईएल८४. रेडिओचा आउटपुट व्हॉल्व्ह. आपल्या बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये सुद्धा बनायचा. आमच्या घरी ह्याच्यावर 'आपली आवड' ऐकायचो आम्ही."

मी रात्री आतेभावाला फोन करून सांगितलं. तो ऑस्टिनमध्ये नुसता हसत सुटला.

काकांनी डबल वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर करून दिला, पाचशे व्हीएचा. अर्थिंगची तार तुटू द्यायची नाही अशी तंबी दिली. पहिल्यांदा अँप लावला तो त्यांच्या डिमरस्टॅटवर, खालून हळूहळू व्होल्ट चढवत. आत मीटर लावताना त्यांचा डावा हात सबंध वेळ पँटच्या खिशात होता. विचारलं तर म्हणाले, "दोन्ही हात आत घातले की करंट छातीतून जातो. एक हात खिशात ठेवायचा, हे आमच्या उस्तादाने पहिल्या दिवशी शिकवलं. अँप बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेले असतात, तू उघडायच्या भानगडीत पडू नकोस."

घरी आलो. आता सगळं होतं: स्ट्रॅट, अकराच्या तारा, हिरवा डबा, व्हॉल्व्हचा अँप. आवाज मात्र अजूनही तो नव्हता. एक तर गिटारची गुणगुण. स्ट्रॅटचे पिकअप म्हणजे तारेची साधी वेटोळी, ती आसपासची वीज ऐकत बसतात. खोलीतली चोकची ट्यूबलाइट आणि पंख्याचा रेग्युलेटर हे माझे कायमचे साथीदार. पंखा बंद करून मे महिन्यात ब्लूज वाजवणं ही एक वेगळी साधना आहे. दुसरं म्हणजे, अँपचा व्हॉल्यूम दोनच्या वर नेला की खालच्या मजल्यावरच्या काकू छतावर केरसुणीचा दांडा आपटायच्या. त्यांचंही बरोबर होतं. पंधरा वॉट हा आकडा ऐकायला बल्बसारखा वाटतो. व्हॉल्व्हचे पंधरा वॉट म्हणजे ढोलपथक.

म्हणून शनिवारी जॅमरूम, म्हणजे सरावाची भाड्याची खोली, घेतली. ड्रम्सवर ऑफिसमधला एक जण, बासवर त्याचा मेहुणा. मी घरचीच मांडणी लावली: अँपचा व्हॉल्यूम दोन, पेडलवर ड्राइव्ह तीन चतुर्थांश, लेव्हल निम्मी. एक, दोन, तीन, चार. दोन मिनिटांनी ड्रमरने काठ्या थांबवल्या.

"तू वाजवतोयस का रे?"

मी वाजवत होतो, जीव तोडून. पण माझा आवाज म्हणजे झांजांच्या मागे चाललेली खरखर. ड्राइव्ह आणखी वाढवला. आणखी मागे गेला. वैतागून पेडल बंद केलं आणि अँपचा व्हॉल्यूम निम्म्याच्या पुढे नेला. इथे केरसुणी नव्हती. तारेवर पिक मारला आणि शर्ट हलला. खरोखर हलला, स्पीकर गुडघ्याच्या उंचीवर होता. आवाज साफ, पण जोरात मारलं की कडेने किंचित चरचरणारा. मग पेडल पुन्हा चालू केलं, ड्राइव्ह डावीकडे शून्यावर, लेव्हल उजवीकडे टोकापर्यंत.

आणि तो आला. तंतोतंत वॉनचा आला म्हणणार नाही, पण त्याच गल्लीतला. आधी फोडणी, मग घंटा. मेहुणा बास थांबवून बघत राहिला.

घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसलो, कारण एक गोष्ट पटत नव्हती. ड्राइव्ह शून्यावर असताना पेडल काही करत नसायला हवं ना? सर्किट उलगडलं. ड्राइव्हच्या बटणामागे ५१ किलोओमचा एक रेझिस्टर कायमचा बसलेला असतो. ५१ ला ४.७ ने भागा, एक मिळवा: जवळजवळ बारा. म्हणजे बटण शून्यावर असतानाही मधल्या आणि वरच्या स्वरांना बारापट ढकललं जातं. पूर्ण उजवीकडे नेलं तर सव्वाशेच्या जवळ. जोरात मारलेली तार बारापटीतही डायोडना स्पर्श करते, हळू मारलेली करत नाही. हाताच्या जोराप्रमाणे आवाज फुटतो किंवा साफ राहतो तो त्यामुळे. सव्वाशेपटीत सगळंच सपाट: कुजबुजही फाटलेली, ओरडही फाटलेली.

मग तो अल्बम पुन्हा हेडफोनवर ऐकला. चार वर्षं ऐकत होतो आणि मला त्यात खरखर भरून राहिलेली वाटायची. नाहीच ती. संथ गाण्यांत तर गिटार जवळजवळ साफ आहे. जे मला फाटलेलं वाटत होतं ते बरंचसं मोठं होतं, आणि मोठं ऐकायची सवय नसल्यामुळे मी त्याला फाटलेलं म्हणत होतो. मेहबूब स्टुडिओत बरगड्यांना कळलेली गोष्ट कानांनी प्रोसेसरच्या नादात विसरून टाकली.

आता घरी वाजवतो तो साफ आवाजावर, हळू, आणि महिन्यातून दोन शनिवार जॅमरूम. गिटारचा व्हॉल्यूम सहावर ठेवतो, गरज पडली तर करंगळीने दहावर. पेडलच्या ड्राइव्हच्या बटणाला मी सेलोटेप लावली आहे, चुकून फिरू नये म्हणून. ब्लूज ज्युनिअरचा खर्ज मात्र ढिला पडतो, त्याला इलाज नाही. बारा इंची एक स्पीकर आणि एवढंसं खोकं, त्यात सुपर रिव्हर्बची छाती कुठून येणार? जाड तारेवर वॉनसारखी थाप टाकली की तो लटपटतो. मी ती जागा बासवाल्याला देऊन टाकली आहे.

२०१८ मध्ये एका शनिवारी अँपमधून फटफट सुरू झाली. मागून वाकून पाहिलं तर एका ईएल८४ चा आतला पत्रा लाल झालेला, चुलीतल्या तव्यासारखा. लगेच बंद केला आणि सोमवारी बुधवार पेठेचा जिना चढलो. काका थकले होते, पण खोली तीच, वास तोच. त्यांनी फळीवरचा एक डबा खाली काढायला सांगितला. आत वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले व्हॉल्व्ह. दोन ईएल८४ निघाले, काचेवरची अक्षरं अर्धी पुसलेली, बीईएल, म्हणजे भारत इलेक्ट्रॉनिक्स, एवढं वाचता येत होतं.

एक हात खिशात घालून त्यांनी मीटर लावला. "तीनशेच्या वर आहे रे हा. रेडिओत अडीचशे असायचे. फार दिवस नाही टिकायचे."

"चालेल काका."

"नवीन जोडी मागव बाहेरून. तोपर्यंत चालव."

गिटार मी नेलीच नव्हती, नुसती केबल अँपच्या पिशवीत होती. काकांनी तिचं एक टोक अँपमध्ये घातलं, डिमरस्टॅट चढवत नेला, व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट दिला, आणि दुसऱ्या टोकाच्या पिनेवर अंगठा ठेवला. अँप भुंsss करून ओरडला, शेजारच्या दुकानातला पोरगा डोकावून गेला.

"चालू आहे," काका म्हणाले. "घेऊन जा."